शब्दचर्चा : ऊनझरे, धुराडी आणि झिपरे खेकडे

रंकाळाकाठ :

आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर महिन्याला विज्ञानाचा एक फलक लागतो. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी विषय घेतला तो खोल समुद्राच्या तळाशी जिथून तापलेलं पाणी वर येतं, तिथे राहणाऱ्या खेकड्यांचा आणि कोळंब्यांचा. ते तिथे कुठून आले, कधी आले. मजकूर झाला, शुद्धलेखन तपासून झालं आणि आठवीतल्या भाच्याला वाचायला दिला. पहिल्याच ओळीला तो अडला. ‘उष्णजल निर्गमद्वार.’ म्हणाला, “मावशी, निर्गम एस्टी स्टँडवर लिहिलेलं असतंय. तिथनं गाड्या बाहेर पडतात. समुद्राच्या तळातनं काय बाहेर पडतंय?”

म्हटलं, पाणी.

“मग झरा म्हण की.”

त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं, म्हणून हा धागा काढला. फलकाचा सगळा कच्चा मजकूर सोबत जोडलाय, त्यातलेही शब्द तपासा.

मूळ हकिगत अशी. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर ‘अल्विन’ नावाच्या पाणबुडीतून भूशास्त्रज्ञ उतरले. तळाशी कुठेतरी गरम पाणी निघत असणार, असा त्यांचा होरा होता आणि तो खरा ठरला. पण त्या पाण्याभोवती शिंपले, खेकडे आणि लांबच लांब नळीकृमींची दाटी असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. प्राणी टिकवायला रसायन पुरेना, तेव्हा काही नमुने व्होडकात बुडवून आणावे लागले. सूर्याचा एक किरणही पोचत नाही अशा जागी एवढ्या जिवांना अन्न मिळतं कुठून, तर त्या पाण्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंकडून. तिथला सगळा संसार त्यांच्या जिवावर चालतो.

आता शब्द. ‘विवर’ मला नको आहे. विवर म्हटलं की खड्डा दिसतो, वाहतं पाणी दिसत नाही. त्यातून काळं पाणी ओकणाऱ्याला कुणी ‘कृष्णविवर’ म्हटलं, तर वाचक थेट आकाशात पोचेल. ‘उकळता झरा’ हा तर सरळ चुकीचा. अडीच हजार मीटरवर पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या अडीचशे पट असतो. तिथे साडेतीनशे अंशांचं पाणीसुद्धा उकळत नाही, एक बुडबुडा येत नाही. म्हणून सध्या मी ‘कढत झरा’ लिहिलंय. पण मन घेत नाही. तुम्ही काय म्हणाल?

राजापूरकर :

ताई, ‘कढत’मध्येही ‘कढणे’ आहेच की. उकळणं टाळायला गेलात आणि मागच्या दाराने परत आणलंत.

शब्द आहे, फक्त घाट उतरून यावं लागेल. आमच्या राजापूरजवळ जमिनीतून गरम पाणी येतं, त्या गावाचं नावच उन्हाळे. दापोलीकडे उन्हवरे, तिथेही तेच. रायगडात पालीजवळ उन्हेरे, तिथेही कुंडात तेच. तिन्ही नावांत ‘ऊन’ आहे. ऊन म्हणजे नुसता सूर्यप्रकाश नव्हे. ऊन म्हणजे गरम. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, आणि आपलं ‘ऊन’. तुमच्याकडेही ऊन ऊन भाकरी म्हणतातच. तेव्हा ‘समुद्रतळीचं उन्हाळं’ असं बिनदिक्कत लिहा.

रंकाळाकाठ :

काय सुंदर शब्द आहे! दिवसभर तोंडात घोळवत होते.

पण एक अडचण आली. एक तळं, दोन तळी. तसं एक उन्हाळं, दोन उन्हाळी. आणि ‘उन्हाळी’ म्हटलं की आमच्याकडे भुईमूग उभा राहतो. ‘समुद्रातील उन्हाळी खेकडे’ वाचून लोकांना वाटेल, हे मे महिन्यात मिळतात. एकवचनात शब्द लखलखीत, अनेकवचनात घोटाळा. तुमचा ‘ऊन’ ठेवून ‘ऊनझरा’ केलं तर? ऊनझरा, ऊनझरे, ऊनझऱ्यापाशी. कुठे अडत नाही, आणि भाच्याचा झराही राहतो.

राजापूरकर :

चालेल. पण फलकावर कुठेतरी उन्हाळे गावाचं नाव येऊ द्या.

चुलवाण :

ताई, मी कागलकडचा. आमचं गुऱ्हाळ आहे. तुमच्या मजकुरात ‘कृष्णधूम्रक’ म्हणून एक शब्द आहे, तो आधी काढा. तळातनं उभं राहिलेलं, तोंडातनं काळं काळं सोडणारं, त्याचा फोटो मी बघितला. ते धुराडं आहे. चुलवाणाला असतंय तसलंच. दुसरा शब्द कशाला पाहिजे?

रंकाळाकाठ :

धुराडं घेतलं! फक्त त्याच्याखाली एक ओळ लिहावी लागेल, की हा धूर नव्हे. १९७९ साली पूर्व प्रशांत महासागरातल्या समुद्री कटकावर (कटक म्हणजे तळावरची लांबच लांब डोंगररांग) अशी धुराडी पहिल्यांदा दिसली. तापलेल्या पाण्यात धातू आणि गंधक विरघळलेलं असतं. ते बर्फासारख्या गार समुद्राच्या पाण्याला भिडलं की धातूंचे सल्फाइड कण होऊन बाहेर पडतात, त्यांचा हा काळा लोट. आणि दादा, धुराडं कुणी बांधत नाही. तेच कण तोंडाच्या कडेला थरावर थर धरून वर चढत जातात. काहिलीच्या काठाला पाक वाळून जसा थर धरतो, तसं काहीसं.

याच ठिकाणी वाचकांचा आणखी एक गैरसमज होतो. ‘साडेतीनशे अंशांत राहणारी कोळंबी’ असं छापलेलं मी वाचलंय. तशी कोळंबी नाही. त्या धारेत शिरली तर क्षणात शिजेल. ती धारेच्या कडेला असते, जिथे ऊन पाणी आणि गार पाणी मिसळून दहा ते तीस अंशांचं होतं. म्हणजे ती राहते कोमट पाण्यात. चार बोटं इकडे मरण, चार बोटं तिकडे उपासमार, आणि मधल्या पट्ट्यात एकमेकींच्या अंगावर चढून हजारो कोळंब्या.

आता त्याच कोळंबीचं नाव. अटलांटिकच्या मध्य कटकावर, सुमारे ३,६०० मीटर खोलीवर ‘टॅग’ नावाच्या जागी १९८५ साली या झुंडी दिसल्या. दुसऱ्याच वर्षी ऑस्टिन विल्यम्स आणि पीटर रोना यांनी बारसं केलं : रिमिकॅरिस एक्सॉक्युलाटा. ‘रिमा’ म्हणजे फट, ‘कॅरिस’ म्हणजे कोळंबी. एक्सॉक्युलाटा म्हणजे जिचे डोळे गेले ती. फटीतली डोळे नसलेली कोळंबी. मीही सरळ ‘आंधळी कोळंबी’ लिहून मोकळी झाले होते.

मग १९८९ साली सिंडी व्हॅन डोव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिच्या पाठीवर, कवचाखाली, दोन फिकट लांबट पट्टे आहेत आणि त्यांत डोळ्यातलंच प्रकाश टिपणारं द्रव्य ठासून भरलंय. देठावरचे डोळे नाहीत, भिंग नाही, चित्र उमटत नाही; पण अगदी अंधूक उजेड कळावा अशी सोय आहे. तापलेल्या धुराड्याच्या तोंडाशी माणसाला न दिसणारी मंद प्रभा असते. ती ओळखून धार कुठे आहे हे तिला समजत असावं, असा अंदाज आहे. जिचा डोळा पाठीवर गेला तिला आंधळी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘पाठडोळी’ म्हटलं तर? पाठीला डोळे असणारी, अशी म्हण आपल्या आया-आज्यांबद्दल आहेच.

याच कोळंबीची सख्खी बहीण आपल्या हिंदी महासागरात आहे, रिमिकॅरिस काइरेई. रॉड्रिग्ज बेटाच्या आग्नेयेला तीन कटक जिथे मिळतात, तिथल्या ‘काइरेई’ या ऊनझऱ्यांवर २००० साली जपानी यान पोचलं, तेव्हा ती हाती लागली. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आणि गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने हिंदी महासागरात साडेचार हजार मीटरवरच्या जिवंत ऊनझऱ्याचं छायाचित्र आणलं. म्हणजे हे शब्द आता आपल्या घरचेच लागणार आहेत. आज नीट ठरवले नाहीत, तर उद्या बातम्यांतून ‘निर्गमद्वार’च रुजेल.

एमएस्सी प्राणिशास्त्र, कोल्हापूर :

मॅडम, ‘पाठडोळी’ला माझं मत. पण ‘हिममानव खेकडा’ कृपा करून काढा. दोन्ही शब्द चुकलेत.

२००५ साली ईस्टर बेटाच्या दक्षिणेला सुमारे २,२०० मीटरवर तो सापडला. १५ सेंटिमीटरचा, पांढरा, नांग्यांवर लोकर असावी तसा. इंग्रजीत गमतीने यती, म्हणजे हिममानव, म्हटलं गेलं, शास्त्रीय नाव किवा हिर्सुटा. किवा ही पॉलिनेशियन लोकांतली शिंपल्या-खेकड्यांची देवता. हिर्सुटा म्हणजे केसाळ. यात हिम कुठेच नाही. उलट ऊनझऱ्याची ऊब सोडून तो लांब जात नाही. आपल्याकडे चांगला शब्द आहे, ‘झिपऱ्या’. आणि ते केसही नव्हेत. कोशात त्यांना ‘दृढरोम’ म्हणतात, पण ज्वारीच्या कुसळासारखे म्हटलं की समजतं. त्या कुसळांवर जिवाणू वाढतात. कोस्टारिकाजवळ याचा एक भाऊ आहे, किवा पुराविदा. तो राहतो मिथेन झिरपणाऱ्या गार जागी. तो नांग्या सतत एका लयीत हलवत राहतो, म्हणजे जिवाणूंना ताजं पाणी मिळावं. मग तोंडाजवळच्या फणीसारख्या अवयवाने ते पीक विंचरून खातो. पेरणी नाही, पण मशागत आणि कापणी दोन्ही.

दुसरं, तो खेकडाच नाही. पटत नसेल तर एक करा. पावसाळ्यात गगनबावड्याकडून भाताच्या खाचरातले खेकडे बाजारात येतात. एक घ्या आणि पाय मोजा. दोन नांग्या आणि चालायचे आठ, म्हणजे दहा. मग उलटा करा. पोटाला घट्ट चिकटलेली घडी दिसेल. नराची निमुळती, मादीची रुंद. ती त्याची शेपटी. आता झिपऱ्याच्या फोटोत मोजा. दोन नांग्या आणि चालायचे सहाच दिसतात. पाचवी जोडी बारीक होऊन अंगाखाली दडलेली असते. शंखात राहणारे खेकडे असतात ना, त्यांच्या गोतावळ्यातला आहे हा. या गोतावळ्यात शेपटी पोटाशी दुमडून अंग रुंद करण्याची, म्हणजे खेकड्याच्या रूपाला येण्याची वाट अनेकदा धरली गेली. बोराडेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ साली या घडण्याला नाव दिलं. मराठीत मी ‘खेकडेपण येणं’ म्हणते, बाळसं धरल्यासारखं. झिपऱ्याला ते अर्धवट आलंय.

रंकाळाकाठ :

पाय मोजायची युक्ती फलकावर घेते, मुलं नक्की करतील. ‘झिपऱ्या’ही घेते. आणि मागचा ‘खेकडा’ ठेवते, कारण बाजारात शंखातल्यालाही लोक खेकडाच म्हणतात. खाली स्पष्ट करीन.

खेकडे-कोळंब्यांच्या सगळ्या गटाला मी ‘कवचधारी’ लिहिलंय, त्याचं काय करू? भाच्याने त्यात कासव आणि गोगलगायही घातली.

एमएस्सी प्राणिशास्त्र, कोल्हापूर :

शब्दाकडे बघून त्याने घातली ते बरोबरच केलं! तिथे ‘खेकडे-कोळंबी वर्ग’ असं लिहा. कोकणात एकेकाला वेगळं नाव आहे, कुर्ली, चिंबोरी, शेवंड, सुंगटं. आम्ही घाटावरचे, आमच्याकडे दोनच, खेकडा आणि कोळंबी. त्या दोनांत सगळा वर्ग ओळखता येतो.

एक विनंती आहे. खेकड्याच्या पिल्लाला ‘अळी’ लिहू नका, ‘डिंभ’ लिहा. शब्द अनोळखी आहे, पण इथे त्याची गरज आहे. ऊनझऱ्यावरचा खरा खेकडा, बायथोग्रिया, पहिल्याच मोहिमांत दिसला आणि १९८० साली त्याचं वर्णन आलं. इतर खेकड्यांहून तो इतका निराळा होता की त्याच्यासाठी कुळच नवं काढलं. त्याच्या डिंभाला चांगले, चित्र उमटवणारे डोळे असतात. मोकळ्या समुद्रात तरंगताना ते उपयोगी पडतात. तळाशी येऊन मोठा होऊ लागला की ती रचना मोडते आणि उरतो नुसता उघडा पडदा, अंधूक उजेडापुरता. त्याचे पूर्वज उजेडात राहत होते, ही खूण तो लहानपणी अंगावर घेऊन येतो. अळी म्हटलं की वाचक फुलपाखराकडे जातो आणि ही गोष्टच हातची जाते.

राजापूरकर :

एक विचारू? ‘उत्क्रांती’तल्या ‘उत्’चा अर्थ वर. इथे तर डोळे जाताहेत, प्राणी खाली खाली उतरताहेत. तरी उत्क्रांतीच?

रंकाळाकाठ :

शब्द रुळलाय, तो बदलू नये असं मला वाटतं. पण वाक्य बदलता येतं. ‘उत्क्रांत होऊन प्रगत झाले’ हे मी खोडलं आणि ‘पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेले’ असं लिहिलं.

आता जो शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतोय, त्याकडे येते : ‘जिवंत जीवाश्म’. सुरुवातीला जाणकारांनाही तसंच वाटलं होतं. १९७९ साली विल्यम न्यूमन यांनी ऊनझऱ्यावरच्या निओलेपास या देठाच्या बार्नेकलचं वर्णन केलं (बार्नेकलही याच वर्गातलं, होडीच्या बुडाला चिकटतात ते). त्याची ठेवण इतकी जुनी वाटली, की डायनासोरांच्या काळापासून हा तळाशी दडून राहिलेला असणार असं म्हटलं गेलं. वर जगबुडी होवो, खाली सगळं जसंच्या तसं. कल्पना मोहक आहे. पुढे जनुकांची तुलना करून वयं काढता येऊ लागली आणि निराळंच दिसलं. या बार्नेकलांच्या आजच्या शाखा डायनासोर गेल्यानंतर फुटलेल्या निघाल्या. ऊनझऱ्यांवरच्या कोळंब्यांबद्दल १९९९ चा एक अभ्यास तर त्यांचा विस्तार मायोसीन काळात झाला असं सांगतो, म्हणजे सव्वादोन कोटी वर्षांच्या अलीकडे.

आणि झिपरे खेकडे? आज हयात असलेल्या सगळ्या झिपऱ्यांचा सामाईक पूर्वज सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. आता आपल्या जोतिबाच्या डोंगराकडे बघा. तो काळा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आपण चैत्रात ज्या दगडावरून चढतो, तो या भावंडांच्या खापरपणज्याच्या दुप्पट वयाचा आहे. मग ‘अतिप्राचीन’ कुणाला म्हणायचं?

एमएस्सी प्राणिशास्त्र, कोल्हापूर :

मॅडम, इथे थोडं जपून. अलास्कातल्या क्रिटेशस काळातल्या खडकात प्रिस्टिनास्पिना नावाचा जीवाश्म मिळालाय, तो झिपऱ्यांच्याच घराण्यातला असावा असं मानतात. म्हणजे सुमारे दहा कोटी वर्षं. घराणं जुनं आहेच. नव्या आहेत त्या आजच्या शाखा. या दोन वयांना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, मराठीत नाहीत, म्हणून बातम्यांत गोंधळ होतो.

चुलवाण :

नाहीत कसे? कूळ आणि भावकी. आमचं कूळ कुठवर मागं जातंय ते भाटाला माहीत. पण आज सातबाऱ्याला जी नावं आहेत, ती सगळी एका पणजोबाची. त्याच्या चुलत्यांची घरं साथीत बुडाली. कूळ जुनं, भावकी नवी.

एमएस्सी प्राणिशास्त्र, कोल्हापूर :

दादा, हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं. अगदी हेच. आणि साथही झाली असावी, असं एक मत आहे. पृथ्वी फार तापली होती तेव्हा, उदाहरणार्थ ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, खोल समुद्रात प्राणवायू कमी पडला. ऊनझऱ्यांवरचं अन्न सूर्यावर अवलंबून नाही, पण खेकड्याला श्वासाला लागणारा प्राणवायू वरच्या समुद्रातूनच येतो. त्यात जुनी घरं बुडाली असतील आणि मग दुसरीकडचे येऊन वसले असतील.

झिपऱ्यांची वाट अशी दिसते : पूर्व प्रशांत महासागरातून निघून दक्षिणेचा वळसा घेत अंटार्क्टिकाच्या बाजूला, आणि तिथून हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येकडच्या कटकावर. अंटार्क्टिकाच्या बाजूला स्कोशिया समुद्रात २०१० साली सापडलेला किवा टायलेरी धुराड्यांवर इतका दाटीने राहतो, की एका चौरस मीटरवर शेकडो मोजले. त्यातल्या अंडी घेतलेल्या माद्या मात्र ऊब सोडून लांब गार पाण्यात जातात. पिल्लांना ते पाणी मानवतं म्हणून. तिथे त्यांना खायला फार कमी मिळतं.

रंकाळाकाठ :

हे वाचून बराच वेळ नुसती बसले होते. बाळंतपणाला माहेरी जाणं म्हणणार होते, पण माहेरी खायला मिळतं. तो शब्द इथे नको.

फलकाचा मजकूर रात्री पुन्हा लिहिला. वरचा भाग असा झालाय :

“समुद्राच्या तळाशी ऊनझरे आहेत. आपल्या कोकणातल्या उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे या गावांच्या नावांत जे ‘ऊन’ आहे, तेच हे. या झऱ्यांच्या तोंडाशी खनिजांची धुराडी उभी राहतात. त्यांतून निघतो तो धूर नसून धातूंचे काळे कण असतात. धुराड्यांच्या कडेला, कोमट पाण्यात, पाठडोळ्या कोळंब्या आणि झिपरे खेकडे राहतात. त्यांचं कूळ जुनं आहे. आज दिसते ती भावकी जोतिबाच्या डोंगराहून नवी आहे.”

भाच्याला दाखवला. ‘डिंभ’खाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली, पण खोडला नाही. ‘पाठडोळी’पुढे विचारलं, एक पाठडोळी, अनेक काय? पाठडोळ्या, असं मी सांगितलं. राजापूरकर, बरोबर आहे ना? रविवारी फलक लागायचा आहे, त्याआधी कळवा.

राजापूरकर :

बरोबर. मोळी-मोळ्या, तसं.